तिसऱ्या रांगेतली जागा

गाडीची तिसरी रांग दाखवण्यापुरती असते, हे मला कुणी सांगितलेलं नाही. वीस वर्षं लोकांच्या गाड्यांना सीट कव्हर शिवून शिकलोय. गाडी दुकानासमोर येऊन लागली, दारं उघडली, की मालकाने तोंड उघडायच्या आत मला त्याचं घर कळतं. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड झिजलेली असली तर धनी अंगाने भरलेला आणि सदा घाईत. मधल्या रांगेची शिवण उसवलेली असली तर घरात उड्या मारणारी पोरं. आणि तिसरी रांग? सहा-सहा वर्षं वापरलेल्या गाडीतही कोरी करकरीत. तिच्यावर कधी माणूस बसलेलाच नसतो, फार तर पिशव्या बसतात. लोक सात जणांची गाडी घेतात आणि चौघं हिंडतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हसायचो. मग माझ्यावर वेळ आली.

आमच्या घरात माणसं सहा आणि गाडी पाच जणांची. गेल्या वर्षापर्यंत माणसं चारच होती. मी, बायको, आमची नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलगी प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेते म्हणून तिला सगळे वकील म्हणतात. मुलगा दिवसभर तोंडाने गुणगुण करत फिरतो, तो भुंगा. मग बायकोची मोठी बहीण आजारपणात गेली आणि तिची दोन मुलं आमच्याकडे आली. बारा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा साहेब. साहेब हे नाव त्याला नंतर पडलं, का ते सांगतोच. त्यांचे वडील मालवाहू जहाजावर असतात. फोन वेळेवर येतो, ते स्वतः कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नसतं.

मुलं आली त्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून दम भरला. या दोघांशी या घरात कुणीही आवाज चढवून बोलायचं नाही. आई गेलेली लेकरं आहेत. शेवटच्या दिवसांत तिने ताईला शब्द दिला होता की मुलांना मी अंतर देणार नाही. मी मुळात फटकळ माणूस. दुकानात गिऱ्हाईकसुद्धा माझं ऐकून घेतं. पण त्या दिवशी मी मान डोलावली आणि वर्षभर तो नियम पाळला. राग आला की तो वकील आणि भुंग्यावर निघायचा. धाकट्या पाहुण्याने भिंतीवर रेघोट्या मारल्या तरी आम्ही 'किती छान' म्हणायचो. त्याचा साहेब झाला तो असा. थोरलीवर रागावायची वेळच यायची नाही. ती आपलं ताट आपण घासायची, पांघरुणाची घडी करायची, आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायची. शेजारच्या आजी म्हणायच्या, किती गुणाची पोर. आम्हालाही तसंच वाटायचं.

सुरुवातीला आम्ही सहाही जण त्या गाडीत कोंबून बसायचो. भुंगा बायकोच्या मांडीवर आणि मागे तिघं. एका रविवारी चौकात पोलिसाने गाडी अडवली. खिडकीतून वाकून त्याने डोकी मोजली आणि विचारलं, "यातलं जास्तीचं कोण?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तो आपलं काम करत होता. मी काही बोलायच्या आत मागचं दार उघडलं होतं. थोरलीने एक पाय बाहेर टाकलेला होता. मी तिला आत बस म्हटलं, गाडी बायकोच्या हातात दिली आणि स्वतः बसने घरी आलो. पुढे आठवडाभर ही गोष्ट आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत हसत सांगितली.

त्याच्या पुढच्या रविवारपासून थोरलीला गाडी लागायला लागली. मळमळतं, डोकं गरगरतं, बाहेर बघितलं तरी होतं. तुम्ही जा, मी शेजारच्या आजींकडे बसते, मला अभ्यासही आहे. बायकोने गोळ्या आणल्या. ती म्हणाली, गोळ्यांनी जास्तच होतं. मग आम्ही पाच जण जायला लागलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता डोकी मोजायला नकोत, चौक आला की पोलीस शोधायला नको. असं वाटल्याची लाज मला तेव्हा वाटली नाही. ती फार उशिरा वाटली.

बायको दवाखान्यात लोकांचं रक्त काढते. दिवसाला शंभर दंड बघते, त्यामुळे तिची नजर बारीक. तिनेच एकदा भिंतीवर लावायला फोटो बाहेर काढले आणि सगळे पलंगावर पसरून बसली. वर्षभराच्या सहलींचे फोटो होते. धरणावरचे, बागेतले, माझ्या मित्राच्या शेतावरचे. सुरुवातीचे एक-दोन सोडले तर एकाही फोटोत थोरली नव्हती. ताईने विचारलं तर मी काय सांगू, असं म्हणून ती तशीच बसून राहिली. गाडी लागते तर मोठ्या गाडीत कमी लागेल, ऐसपैस बसेल, हवा खेळती राहील, असं तिचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सहा किंवा सात जणांची गाडी शोधायला लागलो.

माणसाने आयुष्यात एकदा घर बांधावं असं म्हणणाऱ्यांनी तीन लहान मुलांना घेऊन गाडी बघायला जाऊन दाखवावं. आठवड्याचे सहा दिवस मी वाकून शिवतो, ती वाकून सुया टोचते. सातव्या दिवशी आम्ही शोरूममध्ये वाकून तिसऱ्या रांगेत शिरायचो. चार रविवार हेच. पहिल्या ठिकाणी विक्रेता पोरगेला होता. तो मला गाडीचं नाक दाखवत होता, दिवे दाखवत होता. मी म्हटलं, मला शेपूट दाखव. मी तिसऱ्या रांगेत बसलो तेव्हा माझे गुडघे हनुवटीला लागले. तो म्हणाला, सर, ही जागा मुलांसाठी असते. मी विचारलं, मुलं वाढत नाहीत का? दुसऱ्या गाडीत मागे हवा यायला भोकच नव्हतं. तिसरीत मागच्या सीटला डोकं टेकायला उशी नव्हती, पाठ कानाइतकीही उंच नव्हती. चौथी सगळ्यांत बरी होती, पण मधली सीट पाडून मागे जायला जागा इतकी बारीक की बायको अडकली. दोन विक्रेत्यांनी तिला ओढून काढलं, आणि ती घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भुंगा तेवढ्यात कुठल्या तरी गाडीच्या डिकीत झोपलेला सापडला. साहेबाने एका नव्याकोऱ्या गाडीचा भोंगा सलग पाच मिनिटं वाजवला आणि आम्ही त्याला म्हणालो, पुरे हं बाळा.

थोरली या चारही रविवारी घरीच होती. आम्ही परत आलो की ती पाणी आणून द्यायची, आम्ही चपला काढत दमलो दमलो म्हणायचो. एकदा बायको गुडघ्याला मलम चोळत म्हणाली, नको ती गाडी आता, जीव मेटाकुटीला आला. थोरली तेव्हा दारातच उभी होती.

त्या गुरुवारी तिच्या वडिलांचं पत्र आलं. सोबत एका निवासी शाळेची पुस्तिका आणि फॉर्म होता. तुमच्यावर किती भार टाकायचा, मुलीची इच्छा असेल तर तिथे घालू, फॉर्म सोमवारी पाठवावा लागेल, असं त्यांनी लिहिलं होतं. शाळा गाडीने सहा तासांवर. आम्हाला वाटलं थोरली नाही म्हणेल. तिने जेवताना, ताटातून नजर न काढता सांगितलं, मला जायचंय. मग फॉर्म घेतला आणि आपल्या नीटस अक्षरात एकटीनेच भरला. फक्त सहीची जागा मोकळी ठेवून तिने तो कपाटावर ठेवला.

बायकोने त्या दिवशी एकच पातेलं तीनदा घासलं. तिला मी रडताना फारसं पाहिलेलं नाही.  पण तेव्हा ती रडत होती. आपण कुठे कमी पडलो, एवढंच ती म्हणत होती. पोरीला एक शब्द लागेलसा बोललो नाही, तरी तिला इथे राहावंसं वाटत नाही. आता ताईला दिलेल्या शब्दाचं काय करू?  थांब म्हणायचं तर जबरदस्ती केल्यासारखं होईल, आणि जबरदस्ती करायची नाही हे तर आमचं ठरलेलंच होतं.

रविवारी गाडीवाल्याचा फोन आला. वापरलेल्या गाड्या विकणारा हा माणूस माझ्या ओळखीचा, त्याच्या सगळ्या गाड्यांची कव्हरं मीच शिवतो. सात जणांची चांगली गाडी आलीय मास्तर, घेऊन जा, तासभर फिरवा, म्हणाला. मला उठवत नव्हतं. बायको म्हणाली, जाऊ, थोरली सुट्टीला तर येईल ना. आणि या वेळी तिने थोरलीलाही चल म्हटलं. जायच्या आधी एकदा तरी सगळे मिळून जाऊ, असं म्हणताना तिचा आवाज असा झाला की थोरलीला नाही म्हणता आलं नाही. तिने मुकाट्याने उलटीसाठी एक पिशवी घेतली, ती पुस्तिका घेतली आणि निघाली.

आवारात गाडीचं दार उघडल्याबरोबर ती कुणी न सांगता तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मधल्या रांगेत वकील, भुंगा, साहेब. पुढे आम्ही दोघं. मी गाडी मुद्दाम टेकडीच्या रस्त्याने काढली. चढ, उतार, वळणं, सगळं बघायचं होतं. शिवाय वळणांवर गाडी कशी झुलते तेही थोरलीसाठी बघायचं होतं. मला वाटलं, पाच मिनिटांत पिशवी लागेल. मी आरशातून तिच्यावर लक्ष ठेवून होतो.

ती वाचत होती. पुस्तिका मांडीवर उघडी, मान खाली. एक वळण, दुसरं, मग लागोपाठ चार. साहेबाचा चेहरा पिवळा पडला, बायकोनेही काच खाली केली. ही आपली पान उलटतेय. वीस मिनिटं ती तशी वाचत होती. धावत्या गाडीत, मागच्या रांगेत, मान खाली घालून. तिथे मी बसलो असतो तर पहिल्या दोन वळणांत आतलं बाहेर आलं असतं. मी गाडी कडेला घेऊन थांबवली आणि मागे वळलो.

"तुला मळमळत नाहीये?"

तिने पुस्तिका पटकन मिटली. म्हणाली, आज नाही होत. एवढ्याने प्रकरण मिटलं असतं, पण आमची वकील मध्ये होती. "पण ताई, तू तर म्हणायचीस नुसतं बाहेर बघितलं तरी होतं. आज तर तू वाचतेयस."

थोरलीने पुस्तिका बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला गाडी लागत नाही. कधीच लागत नव्हती."

"मग?"

"गाडीत पाचच जागा होत्या ना."

बायकोने माझा दंड धरला. मला तो चौक आठवला, वाकलेला पोलीस आणि बाहेर टाकलेला पाय. आम्ही ज्याला त्याला हसत सांगत फिरलो होतो. मी विचारलं, आणि ती निवासी शाळा? तिने सगळं सरळ सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं. मी गेले की तुम्ही पाच उरता. मग ही गाडी घ्यायला नको. दर रविवारी तुम्ही किती दमता. मावशीचे गुडघे दुखतात. साहेब लहान आहे, तो मावेल.

आणि माझा ताबा सुटला. वर्षभराचा नियम, दिलेला शब्द, काही आठवलं नाही.

"अक्कल गहाण टाकलीस का?" मी इतक्या जोरात ओरडलो की भुंग्याची गुणगुण थांबली. "कुणी सांगितलं तुला आमची काळजी करायला? वर्षभर आमच्या तोंडावर खोटं बोलतेस? आम्ही तिकडे बागेत बसायचो आणि तू आजींकडे? तुझी मावशी तीन दिवस नीट जेवली नाहीये, कळतं का काही? मोठी आली गाडीतल्या जागा मोजणारी. कोण राहणार आणि कोण जाणार हे तू ठरवणार? परत असलं काही केलंस तर याद राख."

"अहो," बायको म्हणाली. साहेब तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. माणूस असा ओरडतो हे त्याला माहीत होतं, पण ते वकील आणि भुंग्यासाठी असतं असं तो धरून चालला होता.  मी स्वतःवरच चिडलो होतो आणि ते सगळं त्या पोरीवर काढलं होतं. आता ती रडेल, घरी जाऊन सामान भरेल, असं मला वाटलं.

थोरलीचं नाक लाल झालं. आणि मग तीही ओरडली, माझ्याइतकीच.

"मग मला इथे बसायचं नाही. इथे पाय मावत नाहीत. वारा येत नाही. तुम्ही पुढे काय बोलता ते मागे काही ऐकू येत नाही. आणि वकील झोपेत लाथा मारते. आणि माझं पांघरूण टोचतं. आणि आंघोळीला मला रोज गार पाणी उरतं." ती एका दमात बोलत होती. "आणि तुम्ही वकिलाला रागावता, भुंग्याला रागावता. मला नुसतं असू दे बाळा, असू दे बाळा. घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणतात तसं."

 वकिलालासुद्धा प्रश्न सुचला नाही.

"मला पुढे बसायचंय," थोरली म्हणाली.

वर्षभरात त्या मुलीने आमच्याकडे काहीतरी मागितल्याची ही पहिली वेळ होती. बायकोने एक क्षणही घेतला नाही. तिने पट्टा सोडला, खाली उतरली, मागचं दार उघडलं. भुंग्याला बाजूला उभं केलं, मधली सीट पाडली आणि ते दुखरे गुडघे घेऊन, कण्हत, एका हाताने छताची कडी धरून तिसऱ्या रांगेत शिरायला लागली. थोरली तिच्या बाजूने बाहेर पडताना दोघी अडकल्या. त्या अरुंद जागेत बायकोने तिला धरलं की तिने बायकोला धरलं, मला दिसलं नाही. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही एवढं खरं. भुंगा रस्त्याच्या कडेला उभा राहून परत गुणगुणायला लागला होता.

मग थोरली भुंग्याला आत चढवून, डोळे पुसत पुढे येऊन बसली. बसल्या बसल्या तिने सीट इतकी मागे सरकवली की साहेब कळवळून ओरडला. तिने त्याला गप्प बस म्हटलं. हवेचं बटण पूर्ण फिरवलं, सगळा वारा स्वतःच्या तोंडावर घेतला. मी गाडी सुरू केली. इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज झाला, आणि मागून बायको काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी 'काय? काय?' करत राहिलो, तेव्हा वकिलाने निरोप पुढे पोचवला.

"आई विचारतेय, त्या फॉर्मचं काय करायचं."

मी थोरलीकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हटलं, मला काय विचारता, जिचा फॉर्म आहे तिला विचारा.  थोरली समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाली,

"तिला सांग, फाडून टाक."

वकिलाने ते मागे सांगितलं.  वकील पुन्हा पुढे वळून म्हणाली की आई रडतेय. तसा थोरलीने पट्टा काढला, सीटवर गुडघे टेकले आणि पाठीवरून वाकून मागे बघायला लागली, "मावशी, ए मावशी" म्हणत. तिचं डोकं माझ्या आरशात आलं, मागचा रस्ता दिसेना.

"आधी खाली बस आणि पट्टा लाव," मी खेकसलो.

"लावते हो, काका, किती ओरडता," ती वैतागून म्हणाली आणि खाली बसली.